जनावराची झोंप व त्याचा स्वभाव

जनावरांची निगा म्हणजे वैरण, पाणी व दुखण्याखुपण्यांत औषध, इतकीच आपल्यांत सर्वसाधारण समजूत आहे. त्यांच्या झोंपेचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. मग बैल मारका झाला किंवा गाय लाथाळ निघाली, कीं 'जात्याच द्वाड' असा शेरा मारून तिला अगर त्याला बाजारांत उभें करण्यांत येतें. हा निवाडा घाईचा आहे, असें आमचें मत आहे.

झोंपेवांचून जनावराची काय दशा होते, हें प्रयोगांनीं सिद्ध झालेलें आहे. रशियांतील मारिया मानासेइना या विदुषीनें १८९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सतत जागीं ठेवलेलीं कुत्र्याचीं पिलें चार-पांच दिवसांत मेलीं. १९८० नंतरच्या दशकांत शिकागो येथें रेख्टशाफेन यांच्या प्रयोगशाळेंत जागविलेले उंदीर नेहमींपेक्षां अधिक खाऊनही रोडावले व अखेर दगावले. म्हणजे झोंपेची तूट खुराकानें भरून निघत नाहीं.

स्वभावाचें काय? मेंदूंत सेरोटोनिन नांवाचें द्रव्य असतें, हें १९५३ सालीं अमेरिकेंत ट्वारॉग व पेज यांनीं दाखविलें. पुढें हें द्रव्य औषधानें घटविलें असतां मांजरांची झोंप उडते, असें फ्रान्समध्यें झूव्हे यांस आढळलें. आणि अशीं मांजरें चवताळतात व त्यांचें वर्तन बिघडतें, असें १९७० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं नमूद केलें. तथापि तें औषध चालू असतांही कांहीं दिवसांनीं झोंप बरीचशी परतली. यावरून निद्रा व स्वभाव यांची किल्ली एकाच द्रव्यांत आहे, असें समजणें चूक ठरतें. सबब हा दोष औषधाच्या बाटलीनें जाईल, अशी आशा शेतकऱ्यानें धरूं नये.

उपाय गोठ्यांतच आहे. गाय दिवसरात्रींत सुमारें ४ तासच झोंपते. उभ्यानें ती पेंगूं शकते, परंतु ज्या झोंपेंत सर्व स्नायु सैल पडतात, ती आडवें पडून मान टेकल्याखेरीज लागत नाहीं. चारा व बसणें हीं दोन्ही कांहीं काळ तोडलीं, तर मोकळीक मिळतांच गाय आधीं बसणें पसंत करते, असेंही प्रयोगांत दिसलें आहे. म्हणून दावें इतकें आंखूड नसावें कीं मान भुईला टेकूं नये. बसण्याची जागा कोरडी असावी. चिखलांत जनावर रात्रभर तिष्ठत राहतें. डांसांचा बंदोबस्त करावा. गळिताच्या हंगामांत उसाची गाडी खोळंबली, तर बैलाच्या मानेवरचें जूं आधीं उतरावें.

प्रत्येक द्वाडपणा झोंपेअभावींच येतो, असें आमचें म्हणणें नाहीं. खांदा सुजला आहे काय, खूर दुखतो काय, कास दुखरी आहे काय, हें प्रथम पाहावें. पण तेथें कांहीं न आढळल्यास बाजाराची वाट धरण्यापूर्वीं आठ रात्री जनावरास निवांत पडूं द्यावें, आणि मगच त्याच्या स्वभावाचा निवाडा करावा.