गोडवा गळ्यातला की यंत्रातला?

व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला पुन्हा प्रतिष्ठा आली आहे. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढच्या पंचवीसएक वर्षांत घरातल्या रेडिओतून, रेकॉर्ड प्लेयरमधून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. आज मात्र दर्दी श्रोते त्याच काचेच्या नळ्यांसाठी लाखो रुपये मोजतात. व्हॉल्व्हचा आवाज ट्रान्झिस्टरपेक्षा अधिक खरा असतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. तो आवाज वेगळा असतो आणि पुष्कळांना गोड वाटतो, हे मला मान्य आहे. अधिक खरा मात्र तो नसतो. ज्याला गायकाचा गळा जसाच्या तसा ऐकायचा आहे, त्याने चांगला ट्रान्झिस्टर अँप्लिफायर घ्यावा.

हा वेगळेपणा येतो कुठून, ते आधी पाहू. बहुतेक व्हॉल्व्ह अँप्लिफायरांचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा आतला अडथळा, एक-दोन ओहम किंवा त्याहूनही जास्त असतो. चांगल्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरचा ओहमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. आठ ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर प्रत्यक्षात एका स्वराला चार ओहमचा असतो, तर दुसऱ्याला वीसचा. अँप्लिफायरचे दोन ओहम त्यात मिळवले की या दोन स्वरांच्या पातळीत अडीच डेसिबलहून जास्त फरक पडतो. म्हणजे कुणीही न फिरवलेला एक टोन कंट्रोल आत बसलेला असतो, आणि स्पीकर बदलला की तोही बदलतो. एका घरात ‘उबदार’ वाटलेला तोच अँप्लिफायर दुसऱ्या घरात बोजड वाटतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

‘मोजमापात सगळे पकडता येत नाही, कान अधिक जाणतो,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण शेवटी ऐकायचे कानानेच आहे. पण कानाचीच साक्ष काढायची तर १९८५ चा प्रयोग आठवावा. बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले होते, की तुम्ही निवडाल त्या महागड्या अँप्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर अँप्लिफायरमधून काढून दाखवतो. संपादकांनी निवडला तो कॉनराड-जॉन्सनचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर होता. कार्व्हरने दोन्ही यंत्रांच्या आउटपुटमधला फरक मोजत मोजत तो जवळपास शून्यावर आणला, आणि मासिकाच्या जाणत्या कानांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. त्यांनी ते छापून मान्यही केले. कारखान्यात तयार झालेले पुढचे नग त्या नमुन्याबरहुकूम उतरले की नाही, यावर नंतर वाद झाला, पण मूळ मुद्द्याला त्याने बाध येत नाही. ज्याला व्हॉल्व्हचे गूढ म्हणतात ते मोजता येते, आणि मोजले की बनवताही येते.

दुसरा युक्तिवाद अधिक मोहक आहे. व्हॉल्व्ह जी विकृती आणतो ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची. मग ती संगीताला पोषकच नाही का? एकच स्वर वाजत असेल तर हे ठीक आहे. आपले गाणे मात्र तानपुऱ्याच्या अखंड षड्जावर उभे असते. आपली संगीतशास्त्राची पुस्तके षड्ज २४० कंपनांचा धरतात आणि शुद्ध रिषभ २७० चा. दोन स्वर एकत्र आले की हीच विकृती त्यांची बेरीज आणि वजाबाकीही निर्माण करते. बेरीज येते ५१०. तार सप्तकातला कोमल रिषभ असतो ५१२. म्हणजे गायक यमनात शुद्ध रिषभावर ठेहराव घेत असताना यंत्र वर्ज्य स्वराची पुसट छाया त्यात मिसळत असते. हलक्या आवाजात ती फार क्षीण असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण आवाज वाढवावा तशी ती वाढते. ज्या संगीतात श्रुतीच्या फरकाने राग बदलतो, तिथे न गायलेला स्वर कितीही मंद असला तरी तो भर घालणारा कसा मानावा?

ट्रान्झिस्टरवरचा जुना राग अकारण नव्हता. १९६० च्या दशकातले अनेक ट्रान्झिस्टर अँप्लिफायर खरोखर कर्कश होते. लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर आणि खालचा दुसरा सांभाळत असे, त्या सांध्यावर विकृती येई, आणि नेमकी हलक्या आवाजात ती जास्त टोचत असे. तो दोष केव्हाच दूर झाला आहे. व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर गेला तरी हळुवार मोडतो, हेही खरे. पण तो मर्यादेला लवकर पोहोचतो त्याचे काय? नावाजलेल्या ३००बी नळीचा एकनळी अँप्लिफायर जेमतेम आठ वॉट देतो. एका वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल देणारा साधारण स्पीकर त्यावर ९७ च्या पुढे जात नाही, आणि ऐकणारा तर तीन मीटर दूर बसलेला असतो. तबल्याच्या थापेला क्षणभर सरासरीच्या दहापट शक्ती लागते. शंभर वॉटचा ट्रान्झिस्टर ती सहज देतो. शिवाय व्हॉल्व्हची उष्णता, शेकडो व्होल्ट, झिजणाऱ्या नळ्या हे सगळे वेगळेच.

ज्याला तो रंगच आवडतो त्याने तो जरूर घ्यावा. आवडीला पुरावा लागत नाही. गिटारवादकासाठी तर व्हॉल्व्ह अँप्लिफायर हा वाद्याचाच भाग आहे. पण खरेपणाच्या नावाखाली लाखो रुपये मोजण्याआधी एक करा. दुकानदाराला दोन्ही अँप्लिफायर पडद्याआड ठेवायला सांगा, व्होल्टमीटरने पातळी समान करून घ्या, आणि ओळखीची बंदिश दहा-पंधरा वेळा आलटून पालटून ऐका. ओळखता आले नाही, तर ते पैसे चांगल्या स्पीकरवर आणि खोलीतल्या जाड पडद्यांवर खर्च करा.