नव्या डिझेल इंजिनावर मत देण्याआधी

रेल्वेप्रेमींचा एक वेगळाच कबिला आहे. फलाटावरचं छप्पर संपून ऊन लागतं, त्या टोकाला कॅमेरा घेऊन उभी असलेली पोरं तुम्ही पाहिली असतील. गाडी कुठं चालली आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. इंजिनाचा नंबर काय, शेड कोणतं, भोंगा कसा वाजला, एवढ्यावर त्यांचा दिवस सार्थकी लागतो. मी याच कबिल्यातला. गेल्या काही वर्षांत आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं कशावरून झाली असतील, तर ती मालगाड्यांसाठी आलेल्या नव्या डिझेल इंजिनांवरून.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर २०१५मध्ये भारतीय रेल्वेने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक म्हणजे जीई कंपनीशी १,००० डिझेल इंजिनांचा करार केला. त्यातली ७०० इंजिनं ४,५०० अश्वशक्तीची आणि ३०० इंजिनं ६,००० अश्वशक्तीची असतील असं ठरलं. कारखाना बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, मढौऱ्याला उभा राहिला. एकेकाळी साखर कारखाना आणि मॉर्टन टॉफीसाठी ओळखलं जाणारं हे गाव. पहिलं इंजिन २०१७मध्ये अमेरिकेतून जहाजाने आलं. देखभालीसाठी उत्तर प्रदेशातलं रोझा आणि कच्छमधलं गांधीधाम ही ठिकाणं निवडली गेली. २०१९मध्ये जीईचा रेल्वे व्यवसाय वॅबटेक कंपनीत विलीन झाला. पण रेल्वेप्रेमींच्या तोंडी नाव अजून ‘जीई’च आहे.

आता मतं. पहिला गट अल्कोवाल्यांचा. १९६२पासून भारतात आलेली आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनलेली २,६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२ इंजिनं मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्याची. अशी अडीच हजारांहून जास्त इंजिनं देशभर धावली. आपल्या पिढीने लहानपणी पाहिलेलं ‘डिझेल इंजिन’ म्हणजे तेच. उभं असताना त्याचा धडधडणारा आवाज, आणि ड्रायव्हरने जोर वाढवला की आभाळात जाणारा काळा धूर. या गटाला नवं इंजिन निर्जीव वाटतं. त्यांच्या मते ते चालतं छान, पण त्याला आत्मा नाही.

गंमत अशी की अल्को आणि जीई ही जुनी भागीदारांची जोडी. अल्कोच्या इंजिनांतली विजेची यंत्रणा जीई पुरवत असे. १९५३मध्ये ही भागीदारी मोडली. त्या दशकाच्या शेवटी जीई स्वतःची इंजिनं घेऊन बाजारात उतरली आणि १९६९मध्ये अल्कोने इंजिनं बनवणं बंद केलं. म्हणजे अमेरिकेत ज्या कंपनीने अल्कोची जागा घेतली, तीच पन्नास वर्षांनी भारतात अल्कोची जागा घ्यायला आली. तिथले रेल्वेप्रेमी जीईच्या इंजिनांना चेष्टेने ‘टोस्टर’ म्हणतात. नव्या इंजिनाला नाव ठेवण्याची रीत सगळीकडे सारखीच.

धुराबद्दल मात्र एक सांगायला हवं. फोटोत तो सुंदर दिसतो. प्रत्यक्षात तो अर्धवट जळालेलं डिझेल असतो. इंधन एकदम वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो आणि तेवढी हवा पोचत नाही. म्हणून धूर काळा होतो. मनमाड, भुसावळ, दौंड, सोलापूर या गावांत रुळांच्या कडेला ज्या वस्त्या आहेत, त्यात आपले मोहल्लेही आले. तिथं वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा, धुरात आत्मा होता की काजळी.

दुसरा गट हिशोबवाल्यांचा. ते विचारतात, सगळं रेल्वेजाळं विजेवर न्यायचं होतं तर हजार डिझेल इंजिनं कशाला घेतली? हा प्रश्न रास्त आहे. करार २०१५चा. २०१७मध्ये तो गुंडाळण्याची चर्चा मंत्रालयातच सुरू झाली. सप्टेंबर २०१८मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संपूर्ण ब्रॉडगेज विद्युतीकरणाला मंजुरी दिली. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २०२२मध्ये विजेवर आला आणि आज देशातल्या ९८ टक्क्यांहून जास्त ब्रॉडगेज मार्गावर तारा आहेत. एका हाताने दहा वर्षांची डिझेल खरेदी आणि दुसऱ्या हाताने डिझेलची हकालपट्टी, याला नियोजन म्हणत नाहीत. पण हा दोष निर्णय घेणाऱ्यांचा, इंजिनाचा नव्हे. शिवाय पूर, वादळ, तुटलेली तार अशा वेळी डिझेलच लागतं. प्रश्न ते किती असावं हा आहे.

तिसरा गट फक्त आकडेवाल्यांचा. अश्वशक्ती किती, वेग किती, कोण कोणाला हरवेल. यांना मी एका माणसाची गोष्ट सांगतो. माझे खालू मालगाडीचे ड्रायव्हर होते. मी एकदा त्यांना विचारलं, “खालू, सगळ्यात भारी इंजिन कोणतं?” ते म्हणाले, “बेटा, पावसात चढावर थांबलेली भरली गाडी जे पुन्हा हलवतं, ते.”

मालगाडीच्या इंजिनाची याहून चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही. अश्वशक्तीने चढावरचा वेग ठरतो. गाडी जागची हलणार की नाही, हे चाकाची रुळावरची पकड ठरवते. जुन्या इंजिनात ओल्या रुळावर चाकं घसरली की ड्रायव्हरने जोर कमी करायचा, रुळावर वाळू सोडायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. १९९९पासून आलेल्या ईएमडी कंपनीच्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनांत एसी मोटारी आल्या आणि हे काम बरंचसं संगणकाकडे गेलं. कुळे ते कॅसलरॉक या घाटात, दूधसागरच्या बाजूने, ३७ फुटांत एक फूट चढणाऱ्या रुळावर या इंजिनांनी जे काम केलं, ते पाहायला देशभरातून लोक जातात. नवं जीई इंजिन हीच एसी वाट पुढे नेतं. या कसोटीवर ते अल्कोच्या कितीतरी पुढं आहे, आणि हे मान्य करायला अल्कोवर प्रेम असणं आड येऊ नये.

पण माझा खरा मुद्दा यापुढचा आहे. या सगळ्या मतांमध्ये इंजिनाच्या आत बसलेला माणूस कुठं आहे?

मालगाडीच्या लोको पायलटला घड्याळ नसतं. सिग्नल मिळेपर्यंत एखाद्या आडबाजूच्या स्टेशनात तासन्‌तास उभं राहावं लागतं. रमजानमध्ये खालूंची सहरी कधी रनिंग रूममध्ये व्हायची आणि इफ्तार चालत्या इंजिनात, खजूर आणि बाटलीतल्या पाण्यावर. त्याची तक्रार त्यांनी कधी केली नाही; कामच तसं होतं. पण रोजा एक महिन्याचा असतो. लघवीला जाता येत नाही म्हणून बाराही महिने पाणी कमी पिणं ही वेगळी गोष्ट. भारतीय रेल्वेच्या बहुसंख्य इंजिनांत शौचालय नाही. काहींत ते बसवलं आहे, पण चाल धिमी आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत रुजू झाल्या, आशियातली पहिली महिला लोको पायलट म्हणून त्यांचा गौरव झाला, २०२५मध्ये त्या निवृत्तही झाल्या. एका बाईची पूर्ण नोकरी संपली, तरी हा प्रश्न संपला नाही. त्याच वर्षी जेवण आणि नैसर्गिक विधीसाठी ड्युटीत ठराविक विश्रांती द्यावी, ही लोको पायलटांची मागणी व्यवहार्य नाही म्हणून नाकारली गेली.

आता यासोबत दुसरी बातमी ठेवून पाहा. जून २०२५मध्ये मढौऱ्याच्या कारखान्यातून आफ्रिकेतल्या गिनी देशासाठी पहिलं निर्यातीचं इंजिन निघालं. तिथल्या सिमांडू खाणीतलं लोखंड वाहण्यासाठी अशी सुमारे १५० इंजिनं जाणार आहेत. त्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन आहे, फ्रीज आहे, मायक्रोवेव्ह आहे, बिनपाण्याचं शौचालयही आहे. आनंदाची गोष्ट आहे. बिहारच्या कामगाराने बनवलेलं इंजिन परदेशी चाललं, याचा अभिमान मलाही वाटतो. पण यातून हेही सिद्ध होतं की हे सगळं आपल्याला बनवता येतं. गिनीच्या ड्रायव्हरला जे देता आलं, ते भुसावळच्या ड्रायव्हरसाठी अवघड का ठरावं?

रेल्वेप्रेमींच्या मताला वजन आहे, म्हणून हे लिहितो आहे. कोणतं इंजिन कधी आलं, कोणत्या शेडला गेलं, कधी भंगारात निघालं, याची जेवढी चोख नोंद ही पोरं ठेवतात तेवढी क्वचितच कुणी ठेवत असेल. तीच शिस्त त्यांनी केबिनसाठी वापरावी. कोणत्या नंबरच्या इंजिनात शौचालय आहे, ते चालू आहे की कुलूपबंद, वातानुकूलन चालतं की नुसतं बसवलं आहे, उन्हाळ्यात दुपारी आत किती तापतं, हे टिपून ठेवावं. विचारायला माणूस समोरच असतो. लाल सिग्नलला थांबलेली मालगाडी कुठल्याही स्टेशनात मिळते. खिडकीतला माणूस बहुतेक वेळा कंटाळलेला असतो आणि कुणी विचारलं तर बोलतो. फोटो काढून झाला की एवढं त्याला विचारा आणि इंजिनाच्या नंबरापुढे लिहून ठेवा.