विश्लेषण : शोरमा जीवघेणा का ठरतो? धोका नेमका कुठे?

मुंबईतील ट्रॉम्बे येथे ३ मे २०२४ रोजी गाडीवरचा चिकन शोरमा खाल्लेल्या १९ वर्षीय तरुणाचा ७ मे रोजी केईएम रुग्णालयात मृत्यू झाला. पोलिसांनी दोन विक्रेत्यांना अटक केली. दोन वर्षांपूर्वी, मे २०२२ मध्ये, केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाल्ल्यानंतर १६ वर्षीय विद्यार्थिनी दगावली होती. तेथील नमुन्यांत साल्मोनेला आणि शिगेला हे जीवाणू आढळले.

धोका कशात?

शोरम्याचे मांस उभ्या सळईवर रचून फिरवले जाते. आच बाहेरून लागते, त्यामुळे वरचा थर खरपूस होतो तेव्हा आतला थर कच्चा असू शकतो. दुपारच्या गर्दीत कापणीचा वेग भाजण्याच्या वेगापुढे जातो आणि अर्धकच्चे तुकडे रोटीत पोहोचतात. गिऱ्हाईक कमी असले की आच मंद केली जाते; मग मांस कोमट राहते. ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जीवाणू झपाट्याने वाढतात. रात्री उरलेले मांस दुसऱ्या दिवशी पुन्हा सळईवर चढले, तर धोका आणखी वाढतो. काही जीवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही.

मेयोनीजचे काय?

कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनीजला आच लागतच नाही. केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तर तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी त्यावर बंदी घातली.

नियम काय सांगतात?

केरळने सप्टेंबर २०२२ मध्ये शोरम्यासाठी स्वतंत्र नियमावली केली. कापलेले मांस पुन्हा भाजणे आणि पार्सलवर तयार केल्याची वेळ व ‘एका तासात खावे’ अशी सूचना छापणे तिने बंधनकारक केले. देशभर लागू असलेल्या अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि किमान १० लाख रुपये दंड होऊ शकतो. मुंबईतील फूड कोर्ट असो वा वर्धा जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या हिंगणीतील एखादी हातगाडी, कायदा एकच. फरक पडतो तो तपासणीत. शिक्षेची तरतूद कितीही कडक असली, तरी ती मृत्यूनंतर लागू होते. जीव वाचतो तो आधीच्या तपासणीने.

विदर्भात अधिक काळजी का?

उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. शिजवलेले मांस बाहेर ठेवण्याची सर्वसाधारण मर्यादा दोन तासांची. ३२ अंशांपुढे ती एका तासावर येते. वीज गेली की फ्रिजचाही भरवसा उरत नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

नोंदणी किंवा परवाना दर्शनी भागात लावला आहे का? कापलेले मांस तव्यावर पुन्हा परतले जाते का? मेयोनीज फ्रिजमधून येते की उघड्या डब्यातून? मांस आत गुलाबी दिसले, तर ते परत करावे. खाल्ल्यानंतर ताप, रक्ताचे जुलाब किंवा सतत उलट्या झाल्यास तातडीने डॉक्टर गाठावा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर करता येते.