‘सामान्य’ या शब्दाची किंमत

जपानच्या होन्शू बेटावरील ३,०६७ मीटर उंचीच्या ओंताके ज्वालामुखीवर २७ सप्टेंबर २०१४ रोजी गिर्यारोहकांची गर्दी होती. शनिवार होता आणि पानांचे शरद ऋतूतले रंग खुलले होते. सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी शिखराजवळ स्फोट झाला. ५८ जणांचा मृत्यू झाला, ५ जण बेपत्ताच राहिले. त्या वेळी सरकारी इशाऱ्याची पातळी होती १. तिचा अर्थ होता ‘सामान्य’.

लाव्हा आणि राखेचे थर साचून तयार झालेला हा ज्वालामुखी सात लाखांहून अधिक वर्षे जुना आहे. मध्ये तो प्रदीर्घ काळ शांत होता आणि सुमारे एक लाख वर्षांपूर्वी पुन्हा जागा झाला. तरीही १९७९ मध्ये त्याचा उद्रेक झाला तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण त्यापूर्वीच्या उद्रेकाची लेखी नोंदच नव्हती. पुढे १९९१ आणि २००७ मध्येही लहान उद्रेक झाले.

२०१४ चा स्फोट वाफेचा होता. डोंगराच्या पोटातील तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि तिने खडक फोडून बाहेर फेकले. बहुतेकांचा बळी या दगडांनीच घेतला. अशा स्फोटात नवा शिलारस पृष्ठभागापर्यंत चढत नाही. त्यामुळे पूर्वसूचनाही क्षीण असतात. ११ सप्टेंबरला ८५ सूक्ष्म भूकंप नोंदले गेले होते, पण जमीन फुगल्याची स्पष्ट खूण नव्हती. ती दिसली स्फोटाच्या केवळ ७ मिनिटे आधी.

म्हणून भाकीत चुकले याचा दोष शास्त्रज्ञांना देणे अन्यायाचे ठरेल. दोष होता तो शब्दाचा. ‘ठोस धोका दिसत नाही’ आणि ‘धोका नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. ‘सामान्य’ या शब्दाने ती एक करून टाकली. भूकंपांची माहिती जाहीर झाली होती, पण पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला आलेख वाचता येत नाही, तो पाटीवरचा शब्द वाचतो.

जपानने २०१५ मध्ये तो शब्द बदलला. पातळी १ म्हणजे आता ‘हा सक्रिय ज्वालामुखी आहे, याचे भान ठेवा’. शिखरावर भक्कम निवारेही उभारले गेले. हे शहाणपण ६३ जिवांनंतर आले. पूर असो, दरड असो वा साथीचा रोग, धोक्याची सूचना देणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने ते आधीच घ्यावे. जे कळलेले नाही, तेही लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.