अहो, पडली!

आर्णीच्या उन्हाळ्यात दुपारी माणसं आडवी पडतात, आणि आमच्या मीटरखालच्या पेटीतली आरसीसीबीची कळही. कूलर लावावा, पाठ टेकावी, की खट्! पुन्हा घामाच्या धारा. ‘अहो, पडली!’ ही हाक आमच्या घरात इतकी रुळली, की एकदा शेजारच्या काकू आयोडेक्स घेऊन धावत आल्या.

वायरमन आला. पेटीकडे तुच्छतेने पाहत म्हणाला, ‘भाऊ, काहून त्रास करून घेता? डायरेक्ट करून देतो. दोन मिनिटांचं काम हाय जी!’

या ‘डायरेक्ट’शी माझं हाडवैर आहे. कुत्रं भुंकून झोपमोड करतं म्हणून ते विकून टाकायचं, आणि चोरी झाली की नशिबाला बोल लावायचा, त्यातलाच हा प्रकार. ही कळ म्हणजे पतपेढीतला खडूस कारकून. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, एवढंच ती बघते. ३० मिलीअँपिअरची तूट दिसली की व्यवहार बंद! शंभर वॅटच्या दिव्याला चारशेच्या वर लागतात, त्यापुढे ३० म्हणजे चिल्लर. पण ही चिल्लर कूलरच्या पत्र्यातून, त्याला ओला हात लावणाऱ्या पोराच्या अंगातून जमिनीत जात असते. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्यातल्या किती घरांत कुणीतरी आधी ‘डायरेक्ट’ करून दिलं असेल?

मी वायरमनला चहा पाजून कामाला लावलं. घरातले सगळे प्लग उपसले. नुसती बटणं बंद करून भागत नाही, कारण न्यूट्रलचीही गळती असते. कळ टिकली. तीही पडली असती, तर भिंतीतली वायर किंवा इन्व्हर्टरच्या जोडणीत गल्लत झालेला न्यूट्रल शोधावा लागला असता. मग एकेक प्लग लावत गेलो. फ्रिज निर्दोष, मिक्सर निर्दोष. कूलरचा पंप लावला आणि खट्! पंपाच्या वायरचं आवरण फाटून ती पाण्यात उघडी पडली होती. म्हणजे इतके दिवस कारकून खरं बोलत होता, आणि आम्ही त्याच्याच बडतर्फीचा ठराव मांडत होतो!

नवा पंप आणला, कूलरचं अर्थिंग तपासून घेतलं. आता महिन्यातून एकदा पेटीवरचं ‘टेस्ट’चं बटण मी स्वतः दाबतो. आतून हाक येते, ‘अहो, पडली!’

‘पडू दे,’ मी म्हणतो. ‘ती पडते, म्हणून आपण उभे आहोत.’