अरबीचे अध्ययन आणि वऱ्हाडची उदासीनता

मोर्शीच्या एका संत्राबागायतदाराची कन्या यंदा बारावी उत्तीर्ण झाली. पदवीकरिता अरबी भाषा घ्यावी व त्यासाठी मुंबईस जावे, अशी इच्छा तिने घरात बोलून दाखविली, तेव्हा तीर्थरूपांनी विचारले, “अरबी शिकून हशील काय, माय? ते तं त्याहिची भाषा आहे.” शेजारच्या मोहल्ल्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांच्या कानी ही हकीकत गेली. त्यांनीही मान हलवून सांगितले की, ती धर्माची भाषा आहे, कॉलेजात शिकण्याची नव्हे. या दोन घरांचे कोणत्याही सार्वजनिक प्रश्नावर एकमत झालेले आजवर आमच्या ऐकिवात नव्हते. ते झाले तेही एका मुलीची वाट अडविण्यापुरते, याचे आम्हास वाईट वाटते.

तीर्थरूपांनी ज्या शब्दाने प्रश्न केला तो ‘हशील’ शब्दच मुळी अरबी आहे. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून ठराविक साच्यांत घडविले जातात. ह, स, ल या धातूपासून हासील म्हणजे प्राप्ती, महसूल म्हणजे प्राप्त झालेले, आणि तहसील म्हणजे प्राप्त करण्याची क्रिया. मोर्शी ही तहसील, तिचा सारा म्हणजे महसूल, आणि रडून काय हशील असे आपल्या आयाबाया नित्य म्हणतात. हुकूम, हाकीम हे एका धातूचे. मालक, मुलूख दुसऱ्याचे. जमा आणि जमात तिसऱ्याचे. वकील, अर्ज, हक्क, कायदा, हिशेब, दाखला, रयत, किल्ला, हेही तेथूनच फारशीच्या द्वारे आपल्याकडे आले. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी ज्याने कचेरीचे उंबरठे झिजविले, त्याने हे शब्द वापरले नाहीत असे होणे नाही. मग ही भाषा ‘त्यांची’ कशी?

भाषाशुद्धीचे अभिमानी येथे आम्हास थांबवितील. त्यांच्या हेतूविषयी आम्हास आदर आहे. परंतु शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, त्यात यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले ते रघुनाथपंत हणमंत्यांनी. आणि ज्यास मूळ शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक नाही त्याच्या हातून असा कोश होत नसतो. माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश दिला व पुढे भाषाशुद्धीच्या प्रश्नाचाही साक्षेपाने विचार केला. शब्द ठेवावयाचा असो वा टाकावयाचा, तो आधी ओळखावा लागतो.

धर्माचा आक्षेप याहून जुना आहे. त्यास उत्तर द्यावयास फार दूर जावे लागत नाही. वर्धा नदीपलीकडच्या पवनारच्या आश्रमात राहणाऱ्या विनोबांनी कुराण मुळातून वाचता यावे म्हणून प्रौढ वयात अरबी शिकून घेतली व पुढे ‘कुराण-सार’ सिद्ध केले. गीतेवर ज्यांची प्रवचने घरोघरी वाचली जातात, त्या पुरुषाचे हिंदुत्व अरबीच्या अलिफ-बे ने कणभर उणे झाले असे कोणी म्हणेल काय? अलबेरूनी गझनीहून आला, संस्कृत शिकला, आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयी त्याने अरबीत जो ग्रंथ लिहिला, त्यावाचून त्या काळचा आपला इतिहास आजही लिहिता येत नाही. अल-मसूदी ९१६ च्या सुमारास कोकणात चौलास उतरला होता. चिंचणीच्या ९२६ सालच्या ताम्रपटावरून राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपविला होता असे दिसते. आर्यभटाची ‘ज्या’ अरबीत ‘जीबा’ झाली, लेखनदोषाने ‘जैब’ वाचली गेली, तिचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झाले, आणि आज आमची मुले त्रिकोणमितीत ‘साइन’ घोकतात. आपले धन कोणत्या वाटेने जगात गेले हे पाहावयाचे तर ती वाट अरबीतून जाते. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरील लेखही अरबी लिपीतच आहे. आपल्याच किल्ल्याचा दरवाजा वाचावयास बाहेरचा मनुष्य बोलवावा लागतो, ही आम्हास लाज वाटते.

विद्येची गोष्ट ज्यांस रुचत नाही त्यांनी पोटाकडे पाहावे. आखाताच्या सहा देशांत सुमारे ९० लक्ष हिंदी लोक राहतात. सौदी अरबस्तानच्या कामगार कायद्यानुसार कराराच्या दोन भाषांतील मजकुरांत तफावत पडली तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. ज्या कागदावर आपला पोरगा अंगठा वा सही करतो, त्यातील जी ओळ त्याला वाचता येत नाही, तीच न्यायालयात चालते. अशा वेळी वाचून दाखविणारा एजंट असतो, आणि एजंट कोणाच्या बाजूचा असतो हे सांगावयास नको. मोर्शी-वरूडच्या संत्र्याचे तरी काय? आमचा माल मुख्यत्वे बांगलादेशावर विसंबून होता. तेथील आयातकर २०१९ पासून चढत गेला आणि बागायतदार हवालदिल झाला. दुसरी बाजारपेठ शोधावी असे सारेच म्हणतात, पण त्या पेठेची भाषा बोलणारा एकही मनुष्य आपल्यात असावा असे कोणास सुचत नाही. गंमत अशी की, संस्कृतातला ‘नारंग’ अरबीत ‘नारंज’ झाला. पुढे गोड संत्रे पोर्तुगीजांमुळे प्रसिद्धीस आले, म्हणून अरब त्याला ‘बुर्तुकाल’ म्हणतात. फळाच्या नावातसुद्धा व्यापाराचा इतिहास असतो.

आता विद्यापीठाविषयी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळांसाठी परकीय भाषांची उदाहरणे दिली आहेत; कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. अरबीचे नाव त्यात नाही. जी भाषा संयुक्त राष्ट्रसंघाने १९७३ साली आपल्या अधिकृत भाषांत घेतली, तिचा आम्हास विसर पडावा हे नवल होय. मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे. परंतु मोर्शीच्या मुलीला वसतिगृहासह तेथपर्यंत पोहोचविणे किती पालकांस परवडेल? अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले व गाडगेबाबांचे नाव त्याने धारण केले. त्याने निदान एका वर्षाचा प्रमाणपत्राचा वर्ग अमरावतीस चालवावा. आणि तो मराठीतून चालवावा. उर्दूतून शिकविल्यास उर्दू न येणाऱ्या विद्यार्थ्याला दार बंद होते; इंग्रजीतून शिकविल्यास खेड्यातल्या मुलीला एका परक्या भाषेच्या काठीने दुसरी चढावी लागते. ज्या भाषेत हशील आणि महसूल आधीच आहेत तिच्यातून अरबीचे व्याकरण समजाविणे सर्वांत सोपे, हे कोणीही चांगला अध्यापक कबूल करील. असे सुबोध मराठी व्याकरण मात्र लिहवून घ्यावे लागेल.

मुसलमान बांधवांसही आमचे एक सांगणे आहे, आणि ते राग न मानता ऐकावे. आपली मुले लहानपणी कुराणाचे पठण करतात. कित्येकांचे उच्चार इतके शुद्ध असतात की ऐकत राहावे. पण त्यांतील बहुतेकांना वाचलेल्या ओळीचा अर्थ विचारला तर सांगता येत नाही. हा दोष त्यांचा नव्हे. आमच्या मुंजीतल्या बटूलाही गायत्रीचा अर्थ विचारून पाहावा. परंतु ज्याचा उच्चार आधीच तयार आहे, त्याला विद्यापीठात व्याकरण व वाङ्मय मिळाले तर तो दोन वर्षांत जेथे पोहोचेल तेथे इतरांस चार वर्षे लागतील. मुलींना तर ही संधी अवश्य द्यावी.

त्या कन्येचा प्रवेश-अर्ज अद्याप भरलेला नाही. मुदत संपावयास थोडेच दिवस उरले आहेत. तीर्थरूपांनी तो भरू द्यावा, आणि अमरावतीच्या विद्यापीठाने पुढील वर्षीच्या मुलीला मुंबईची गाडी धरावी लागणार नाही अशी तजवीज आताच करावी.