ऊसतोडीला निघण्याआधी तपासणी

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तो तडीस नेला. ज्या गावांत एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीची एकच फेरी झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. हे मराठवाड्यातच घडले, म्हणून शेजारच्या जालना जिल्ह्याला तपासणी न करण्याची सबब उरत नाही.

जालन्यातील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. अंगावरून पांढरे जाणे, पाळीखेरीज रक्त दिसणे, सारे बाया अंगावरच काढतात; फडात कोणाला सांगणार? पुरुषांच्या तोंडात तंबाखू, म्हणजे तोंडाच्या कॅन्सरचा धोका. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण पुडी मिळतेच, आणि हे प्रशासनाचे ढळढळीत अपयश आहे.

तिशीपुढच्यांची तोंड, स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी हा सरकारचाच कार्यक्रम आहे. जिल्हा परिषदेने तो दसऱ्याआधी तांड्या-वस्त्यांवर न्यावा. संशयित रुग्णाला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही घ्यावी. वाचकहो, तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.